दोरीनं बांधलेली शटल

मागच्या महिन्यात जळगावला एका लग्नात रोज रेल्वेनं ये-जा करणारे आमचे जुने अपडाऊनवाले भेटले. ताटात वरणबट्टी पडायच्या आत शटलचा विषय निघाला! किस्से काही आम्ही जमवायला गेलो नव्हतो. गाडी म्हातारी असली आणि तिच्याकडे बघणारं कोणी नसलं, की ते आपोआप साचतात. आम्ही हसतो, पण हसता हसता अजून डोकं तापतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी धुळ्याला राहायचो आणि पुढच्या एका गावी शाळेत चित्रकला शिकवायचो. लाईनचं नाव सांगत नाही. ज्यांनी त्या डब्यांत कंबर मोडून घेतली, ते ओळखतीलच. आमचा डबा ठरलेला, मंडळी ठरलेली. फर्निचरचं दुकान असलेले नाना, भाजी विकणाऱ्या जिजाअक्का, शिवणक्लास चालवणाऱ्या सुमनताई आणि मी.

*

आधी खिडकीचा किस्सा.

मे महिना, धुळ्याचं ऊन, आणि आमच्या बाकाजवळची खिडकी गंजून कायमची बंद. वर खेचा, खाली दाबा, ढिम्म हलत नाही. अक्कांनी त्या दिवशी बाजारातून नवा वरवंटा घेतला होता. घामानं निथळत त्या म्हणाल्या, "ही खिडकी शे का भिंत?" आणि पिशवीतून वरवंटा काढून ठाणकन हाणला!

खिडकी उघडली. म्हणजे चौकटीसकट बाहेर पडली! डब्यात वारा आला आणि पाठोपाठ गार्डही आला.

"सरकारी मालमत्तेचं नुकसान केलंत तुम्ही!"

अक्का शांतपणे वरवंटा पुसत म्हणाल्या, "मालमत्ता व्हती का ती? माले वाटनं भंगार शे!"

*

याच अक्कांना एकदा रुळांजवळ मुठीएवढा बोल्ट सापडला. शटल नुकतीच येऊन थांबली होती आणि बोल्ट अजून गरम होता. अक्का घाबरल्या. टोपली तिथंच ठेवून धावत गार्डकडे गेल्या.

"भाऊ, हाई तुमनं पडनं!"

गार्डनं बोल्ट हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि परत अक्कांच्या हातात ठेवला.

"राहू द्या अक्का. गाडीला अजून पुष्कळ आहेत."

त्याच गाडीत बसून आम्ही पुढे गेलो! दुसरी होती कुठे?

*

थंडीत परतताना लवकर अंधार पडायचा. डब्यात दिवे होते. म्हणजे दिव्यांच्या जाळ्या होत्या, आत बल्ब नव्हते. त्यामुळे आम्ही सगळे पिशवीत बॅटरी बाळगायचो. एकदा तिकीट तपासनीस चढला. अंधारात ठेचकाळत आमच्यापर्यंत आला आणि म्हणाला, "कोणाकडे बॅटरी आहे का हो?"

नानांनी आपली बॅटरी दिली. तिच्याच उजेडात यानं सगळा डबा तपासला. शेवटी नानांचा पास हातात घेतला आणि कपाळाला आठ्या!

"पास कडेला फाटलाय. फाटका पास चालत नाही."

नाना म्हणाले, "पास चालत नाही, मग डबा कसा चालतो हो?"

त्यानं पास परत दिला. बॅटरी मात्र पुढच्या डब्यासाठी घेऊन गेला!

*

मग मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून बातमी आली. वर्षानुवर्षं कोणी फडकं मारलं नव्हतं, त्या डब्यांना एकाएकी रंग लागला. झकपक! आम्हीही खूश. पण मी नेहमीचा रस्ता सोडून पलीकडच्या रुळांवरून आलो आणि बघतच राहिलो. डबे त्या बाजूनं होते तसेच! गंजलेले, पत्रा सुटलेला. रंग फक्त प्लॅटफॉर्मच्या अंगाला!

साहेब आले. हार झाला, चहा झाला. साहेब डब्यांकडे बघून मान डोलवत होते. मला राहवेना. पुढे होऊन म्हणालो, "साहेब, कृपा करून एकदा पलीकडून बघा."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वेडा!

"पलीकडे कसं बघणार? तिकडे प्लॅटफॉर्म नाही."

*

बाकाची गोष्ट नाना स्वतः सांगतात, पण सांगताना त्यांचा आवाज अजून चढतो.

आमचा बाक मधोमध मोडला होता. महिनोन्‌महिने सांगून कोणी फिरकलं नाही. शेवटी नानांनी दुकानातल्या सागाच्या फळ्या आणल्या, रविवारी डबा उभा असताना रंधा मारून बाक नवा केला. वर पॉलिशसुद्धा! आठवडाभर आम्ही राजासारखे बसलो. पुढच्या सोमवारी डब्यात पाऊल टाकतो तो बाक गायब! खाली नुसते चार खिळे.

नाना तडक स्टेशनातल्या ऑफिसात तक्रार द्यायला गेले. तिथला बाबू मोठा अगत्यशील. त्यानं भिंतीकडे हात केला.

"उभे का नाना? बसा ना. बाक एकदम पक्का आहे!"

*

पुढे आमच्या शटलच्या प्रत्येक दाराला नव्या कड्या बसल्या. त्या कशामुळे बसल्या, ते आता सांगतो.

आमच्या डब्याच्या दाराची कडी कधीच गेली होती. डबा एका अंगाला कललेला, त्यामुळे दार आपोआप धाडकन आदळायचं. म्हणून कोणीतरी ते उघडं ठेवून दोरीनं दांडीला बांधलेलं. एका सकाळी सुमनताई चढत होत्या, हात चौकटीवर होता. गाडीनं हिसका दिला, दोरी तुटली. ती किंकाळी मला अजून ऐकू येते. नानांनी साखळी ओढली, तर साखळी तुटून हातात आली! पुढचं स्टेशन येईपर्यंत अक्का ताईंचा हात पदरात घट्ट धरून बसल्या होत्या.

उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. शिवण शिकवणाऱ्या बाईची! आणि तिच्या तक्रारीवर वरून उत्तर काय आलं? 'प्रवाशाचा निष्काळजीपणा.' दाराला तीच दोरी, फक्त एक गाठ जास्त.

ताई डाव्या हातानं कात्री धरायला शिकल्या. क्लास बंद पडू दिला नाही. पण तक्रारही सोडली नाही. अखेर एक साहेब चौकशीला आले. गाडी उभी होती. आम्ही सगळे दाराशी गोळा झालो.

साहेबांनी दार न्याहाळलं, दोरी न्याहाळली.

"बाई, वाईट झालं. पण दार एवढ्या जोरात लागणं शक्यच नाही. तुम्हीच कुठेतरी बेसावध असाल."

अक्का काहीतरी बोलणार होत्या. ताईंनी त्यांना थांबवलं. त्या पुढे झाल्या आणि डाव्या हातानं दोरीची गाठ चिमटीत धरली. आवाज जराही चढला नव्हता.

"बरं साहेब. मग तुम्ही इथे चौकटीवर हात ठेवा. मी फक्त गाठ सोडते."

साहेबांनी चौकटीकडे पाहिलं. मग दोन्ही हात खिशात घातले.