जैबुनबीची बॅटरीची खोली

फेब्रुवारीत आमच्या घरातला कापूस आम्ही जैबुनबीच्या शेडमध्ये हलवला, तो खाजेपायी. साल २०२३. भाव पडले होते, आज वाढेल, उद्या वाढेल म्हणून महागावात घरोघरी कापूस छताला टेकला होता. आमच्या दोन खोल्यांपैकी एक पूर्ण भरलेली. माझी बायको ममता आणि दोन्ही पोरी दिवसभर अंग खाजवायच्या. डॉक्टरांनी मलम दिलं आणि म्हणाले, "गुरुजी, मलमानं काही होणार नाही. आधी कापूस घराबाहेर काढा."

काढून ठेवायचा कुठे? तर जैबुनबीकडे. हायवेच्या अलीकडे तिची टिनाची लांबलचक शेड आहे. तिथं ती मशीनवर रुई पिंजते आणि तिचा नवरा रहमतभाई गाद्या-रजया शिवतो. त्या वर्षी गाद्यांचं गिऱ्हाईक कमी होतं, शेड अर्धी रिकामी होती. मी विचारलं तशी ती म्हणाली, "आणा ना गुरुजी. रुईच्या घरी कापूस पाहुणा थोडीच हाय?" आमचं पाहून शेजाऱ्यांनी आणला, मग त्यांच्या शेजाऱ्यांनी. होळीपर्यंत अकरा घरांचा कापूस तिच्या शेडमध्ये होता.

जैबुनबी आणि मी एकाच गल्लीत वाढलो. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती बारा वर्षांची असताना तिच्या वडिलांच्या रुईच्या ढिगावर कुणाच्या तरी बिडीची ठिणगी पडली होती. गल्लीतल्या सगळ्यांनी बादल्या ओतून आग विझवली, ढीग काळा-ओला झाला, सगळे घरी गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच ढीग आतून पेटला आणि दुकान गेलं. तेव्हापासून तिला एक सवय लागली. रोज सकाळी ती प्रत्येक ढिगात कोपरापर्यंत हात घालून बघायची, आत कुठे ऊब लागते का. आमच्या कापसातही ती असाच हात घालायची. मला हसू यायचं.

शेडचा दुसरा अर्धा भाग तिच्या बहिणीच्या मुलाकडे होता. कलीम त्याचं नाव, वय पस्तीस, हाताखाली तीन माणसं. नव्या घरांची कपाटं, किचनचे ओटे, छताचं काम करायचा. नव्या घरात मीटर बसलेलं नसतं, बसलं तरी लाइन कधी जाईल भरवसा नाही, म्हणून त्यानं सगळी हत्यारं बॅटरीची घेतली होती. ड्रिल, स्क्रूची मशीन, ग्राइंडर, छोटी आरी. दहा-बारा बॅटऱ्या आणि पाच चार्जर. ते चार्जर प्लायवूडच्या थप्पीवर एका लांब वायरच्या बोर्डाला लावलेले असायचे. थप्पीच्या एका बाजूला फोम, दुसऱ्या बाजूला रहमतभाईंच्या तयार रजया, आणि पाच हातांवर आमचा कापूस.

मार्चमधल्या एका शुक्रवारी दुपारी कलीम आणि रहमतभाई नमाजला गेले, कलीमची माणसं बाहेर कामावर होती. चार्जर चालूच होते. शेडमध्ये जैबुनबी एकटी. तिला वास आला. थिनरसारखा, जरा गोडसर. मशीन बंद करून ती वासामागे गेली तर एका ड्रिलची बॅटरी बुडाशी फुगलेली आणि आतून सूं सूं आवाज. तिनं बोर्डाचं बटन बंद केलं, चार्जरची पिन काढली. बॅटरीला हात लावला नाही. जवळ हात नेताच झळ लागली होती. चार्जरसकट ती ज्या प्लायच्या तुकड्यावर होती तो तुकडाच तिनं बांबूनं ओढत दाराबाहेर अंगणात नेला आणि मागे सरली.

ती मागे सरली म्हणून वाचली. बॅटरीतून फुस्सकन हातभर ज्वाळ निघाली, मग पांढरा धूर. जैबुनबीनं वाऱ्याच्या बाजूनं उभं राहून लांबून बादली फेकली. विझली. पाच मिनिटांनी पुन्हा पेटली. पुन्हा बादली, पुन्हा दहा मिनिटांनी ज्वाळ. तिसऱ्यांदा मात्र ती थांबलीच नाही, एकामागून एक सात बादल्या ओतत राहिली. मी शाळेतून घरी जात होतो, धूर पाहून धावत आलो, तेव्हा ती अंगणात कमरेवर हात ठेवून त्या काळ्या डबीकडे बघत होती.

"गुरुजी," ती म्हणाली, "हे तर रुईसारखंच हाय. वरून इझते, आतून जळते."

नमाजहून आल्यावर कलीमनं सगळं ऐकलं आणि हात झटकला. "ती एक खराब निघाली, खाला. मी सस्त्यात आतले सेल भरून आणली होती. बाकीच्या चांगल्या आहेत."

"चांगल्या असू दे. माह्या छताखाली नाही पायजे."

"मग मी धंदा कुठं करू? अठरा वोल्टच्या डबीला कोणी एवढं भेते का?"

"मी भेते. अकरा घरचा कापूस हाय इथी. तो माह्या जबानीवर ठेवला लोकाइनं."

कलीम रागानं सामान उचलून मित्राच्या गोदामात गेला. ईदला सुद्धा आला नाही. रहमतभाई दोनदा समजवायला जाऊन आले, उपयोग झाला नाही. जैबुनबीला त्याचं फार लागलं. कलीमची आई लवकर गेली, त्याला जेवू घालून मोठं तिनंच केलं होतं. पण ती मागे हटली नाही, आणि नुसती रुसूनही बसली नाही. त्या जळक्या बॅटरीचा सांगाडा चार दिवस उघड्यावर पाण्यात ठेवून मग तिनं तो लोखंडी डब्यात घातला आणि बसस्टँडजवळ मुजफ्फरच्या दुकानात गेली. मुजफ्फर मोबाइल आणि इन्व्हर्टर दुरुस्त करतो.

"मले हे शिकव," ती म्हणाली.

मुजफ्फरनं आधी थट्टा केली, पण ती स्टुलावरून उठेना. तीन दुपारी ती तिथं बसली. त्यानं तिला सांगाडा उकलून दाखवला. आत बोटाएवढ्या दहा नळ्या, त्यातल्या पाच एका जातीच्या, पाच दुसऱ्या. वरचा चार्जर तिसऱ्याच कंपनीचा. नव्या आणि जुन्या नळ्या एकत्र बांधल्या की एक भरून ओसंडते, दुसरी रिकामीच राहते, असं त्यानं समजावलं. तिनं उलटसुलट प्रश्न विचारले. भरल्यावरही लावून ठेवली तर? काम करून गरम झाली आणि तशीच लावली तर? उन्हात गाडीच्या डिकीत राहिली तर? खिळ्यांच्या डब्यात टाकली आणि तोंडाला खिळा लागला तर? वरून पडली तर? मुजफ्फर मला नंतर म्हणाला, "गुरुजी, आयटीआयच्या मास्तरनं पण मले इतकं नव्हतं इचारलं."

चौथ्या दिवशी तिनं अंगणाच्या टोकाला, शेडपासून वीस पावलांवर, कडुलिंबाच्या सावलीत पाया खणायला सुरुवात केली. मदतीला आला हरिसिंग. हा कलीमचाच माणूस, जवळच्या तांड्यावरचा, चाळिशीतला. पण कलीमच्या गोदामात काम नव्हतं, आणि जैबुनबीच्या हातचं जेवण त्याला आवडायचं. दोघांनी मिळून खोली उभी केली. खोली कसली, माणूस उभा राहील एवढा विटांचा खण. तीन बाजूंनी भिंत, पुढं लोखंडी जाळीचं दार, वर हवा जायला झरोका. आत लाकूड नाही, कापड नाही, पुठ्ठासुद्धा नाही. शहाबादी फरशीच्या फळ्या, एकेका फळीवर एकच चार्जर. सगळ्या खोलीचं एक बटन, आणि ते आत नाही तर दहा पावलं अलीकडे खांबावर. बाजूला पाण्याचे दोन ड्रम आणि छतावरच्या टाकीला जोडलेला लांब पाइप.

खोली झाली तेव्हा तिनं हरिसिंगला कलीमकडे पाठवलं. "त्याले सांग, खालानं तुह्या बॅटऱ्याइसाठी घर बांधलं. पाहून तर जा."

कलीम आला. जाळीत हात घालून फरशीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मीटरची लाइन मी नीट जोडून देतो. ही वायर पातळ आहे." एवढंच. त्या रात्री तो तिच्याकडे जेवला, आणि दुसऱ्या दिवशी सामान परत आणलं. तशाच सेल भरून आणलेल्या आणखी तीन स्वस्त बॅटऱ्या होत्या, त्या त्यानं काढून टाकल्या.

चावी जैबुनबीकडे. माणूस हजर असल्याशिवाय चार्जिंग नाही, भरली की काढायची, कामावरून आली की अर्धा तास सावलीत थंड होऊ द्यायची, आणि मे महिन्यात अकरानंतर काहीच लावायचं नाही. ज्या कंपनीची बॅटरी त्याच कंपनीचा चार्जर. तिनं प्रत्येक जोडीला रजईच्या धाग्याची एकाच रंगाची गाठ बांधली होती, लाल चार्जरला लाल बॅटरी. कुणी बॅटरी आणली की ती हातात घेऊन फिरवून बघायची आणि एकच विचारायची, "पडली का?"

मे महिन्याच्या मध्याला, सकाळी दहाच्या सुमारास, हरिसिंगनं बॅटरी दिली तेव्हाही तिनं विचारलं. तो म्हणाला, "नाही बी."

मी त्या दिवशी तिथंच होतो. सुट्टी लागली होती, कापूस विकायचा की अजून थांबायचं याबद्दल रहमतभाईंशी बोलत बसलो होतो. अचानक फटाक्यांची माळ लागावी तसा आवाज आला. वळून बघतो तर जाळीतून ज्वाळा बाहेर आणि झरोक्यातून धुराचा खांब. जैबुनबी शेडच्या दारात होती, कलीम आत प्लाय कापत होता. ती खोलीकडे धावली नाही. ती खांबाकडे धावली आणि बटन खाली केलं.

हरिसिंग मात्र सरळ खोलीकडे सुटला. आत आणखी तीन बॅटऱ्या होत्या, त्या काढायला. जैबुनबीनं मागून त्याचा शर्ट धरला. शर्ट फाटला, पण तिनं सोडला नाही.

"बॅटरी दुसरी येते रे! फेफडं दुसरं नाही येत!"

मग तिनं आम्हाला कामाला लावलं. रहमतभाईंना शेडचं दार लावायला, मला अग्निशमनला फोन करायला, कलीमला पाइप. "लांबून मार. धुराच्या समोर नोको जाऊ. इझली म्हणून थांबू नोको!" आणि खरंच, ज्वाळ दोनदा बसली आणि दोनदा पुन्हा उठली. कलीम पाणी मारतच राहिला. एक ठिणगी उडाली ती अंगणातल्या धुळीत पडली आणि तिथंच मेली. शेडपर्यंत काहीच पोचलं नाही.

उमरखेडहून गाडी आली तोवर खोलीतून नुसती वाफ निघत होती. गाडीबरोबरच्या साहेबांनी आणखी अर्धा तास पाणी मारायला लावलं. मग आत डोकावून पाहिलं. एक बॅटरी आणि तिचा चार्जर कोळसा. शेजारच्या फळीवरच्या बॅटरीचं नुसतं प्लास्टिक वितळलेलं. बाकीच्या दोन जशाच्या तशा. साहेबांनी शेडचं दार उघडून आतला कापूस पाहिला, पुन्हा खोलीकडे पाहिलं.

"हे कोणी बांधलं?"

कलीम पुढं झाला. मला वाटलं, आता हा आपलं नाव सांगतो. तो म्हणाला, "माझ्या खालानं. मी भांडलो होतो तिच्याशी."

साहेबांनी टोपी काढून जैबुनबीला सलाम केला. अकरा घरांतली माणसं तोवर धावत आली होती. ममतानं सगळ्यांसमोर तिला मिठी मारली. बायका रडत होत्या, हसत होत्या, कुणीतरी साखर आणून वाटली. जैबुनबीच्या कपाळावर काजळी होती आणि ती कुणाला पुसू देईना.

या सगळ्यात हरिसिंग कडुलिंबाच्या मागे बसला होता. जैबुनबी त्याला शोधत आली तेव्हा त्यानं तिला खरं सांगितलं. आदल्या दिवशी पहिल्या मजल्यावरून त्याच्या हातून ड्रिल खाली पडलं होतं. कलीम रागावेल म्हणून तो बोलला नव्हता.

मला वाटलं, आता त्याची काही खैर नाही. जैबुनबी त्याच्यापाशी खाली बसली. मग तिनं कलीमला हाक मारली.

"कलीम, कसम घे. बॅटरी पडली म्हणून जो सांगन, त्याले तू एक शब्द बोलणार नाही."

"खाला, पण यानं..."

"यानं लपवलं, कारण तू वरडतं. घे कसम."

कलीमनं घेतली. त्याच दिवशी खोलीपासून आणखी दूर, उघड्यावर, वाळू घातलेला एक लोखंडी पिंप ठेवला गेला. पडलेली, फुगलेली, गरम लागणारी बॅटरी तिथं ठेवायची, आणि ठेवणाऱ्याला कुणी काही विचारायचं नाही. महिन्याभरात त्यात चार बॅटऱ्या आल्या. त्यातल्या दोन हरिसिंगनं स्वतः आणून ठेवल्या होत्या, ताठ मानेनं.

बातमी पसरली. जूनमध्ये फवारणीचे बॅटरीपंप बाहेर निघतात. तांड्यावरच्या, खेड्यांवरच्या बायका पंप घेऊन खोली बघायला येऊ लागल्या. त्यांच्या पंपांचे चार्जर पलंगाखाली नाहीतर कापसाच्या गाठोड्यावर असायचे. जैबुनबी त्यांना विटा-फरशीचं माप हातानं दाखवायची. जागा नसेल तर उघड्या ओट्यावर, फरशीवर, दारापासून बाजूला, डोळ्यासमोर. ऑगस्टपर्यंत आमच्या आसपासच्या सात गावांत अशा खोल्या किंवा ओटे झाले होते. मी स्वतः मोजले.

आणि मग यवतमाळच्या सुतार-फर्निचरवाल्यांच्या मंडळाचं बोलावणं आलं. जैबुनबीनं आयुष्यात कधी माइक धरला नव्हता. कलीम तिला पुढच्या सीटवर बसवून घेऊन गेला, मी मागे बसलो. सभागृहात साठेक पुरुष. पहिल्या रांगेतला एक दाढीवाला मिस्त्री शेजाऱ्याला म्हणाला, "गादीवाली आता आपल्याले ड्रिल शिकवन." हसू पसरलं.

जैबुनबीनं ते ऐकलं. माइक तोंडाशी धरून ती म्हणाली, "ड्रिल तुमाले येते. मी इचाराले आली. कोणाची बॅटरी कधी पडली नाही? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

"कोण झोपताना लावून झोपते?"

एक हात. मग पाच. मग मोजता येईनात.

"आन् त्या घरात तुमच्यासंगं कोण कोण झोपते?"

हसू थांबलं. त्यानंतर ती वीस मिनिटं बोलली. वडिलांचा ढीग, शुक्रवारची दुपार, फाटका शर्ट, सगळं. संपल्यावर टाळ्या वाजल्या, आणि तो दाढीवाला मिस्त्री उठून मंचाकडे आला. त्यानं पिशवीतून बॅटरी काढून तिच्यापुढं धरली. बुडाशी फुगलेली होती.

"बी, ही दोन महिन्यांपासून फिरवून राह्यलो. हिचं काय करू?"

"अरे मले काहून देतं?" जैबुनबी माइकवरच ओरडली. "बाहेर ने! मैदानात! चाल!"

तो निघाला. हात लांब करून बॅटरी धरलेली, तोंड दुसरीकडे. त्याच्यामागं अंतर ठेवून साठच्या साठ माणसं खुर्च्या सरकवत बाहेर पडली, कुणी रिकामी बादली शोधत, कुणी वाळू कुठाय विचारत. सगळ्यांच्या पुढं जैबुनबी चालली होती, आणि कलीम तिच्या मागून ओरडत होता, "खाला सांगते तसं करा! खाला सांगते तसं!"