सुकडीचा नियम

सत्ता माणसाच्या शरीरावर ताबा कसा मिळवते, त्याचं खाणंपिणं, जन्मणं-मरणं कसं हाकते, यावर मी आयुष्यभर लिहीत आले. वाचणाऱ्यांना वाटतं, हे मी पुण्याच्या ग्रंथालयात शिकले. तिथंही शिकले, नाही कशाला म्हणू? पण सत्ता मला समोरासमोर पहिल्यांदा भेटली ती मिरजगावजवळ, आमच्या गावच्या रस्त्याच्या कामावर. तिच्या गालात तंबाखू होती.

बहात्तरचा दुष्काळ. एम.ए. करता करता मी सुट्टीला घरी आले होते. विहिरींनी तळ गाठला होता आणि अख्खं गाव खडी फोडायला जात होतं. माझी वहिनीही जायची. ती पोटुशी होती. आधीचं मूल पोटातच गेलेलं, त्यामुळे आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

दुपारी कामावर सुकडी मिळायची, म्हणजे गूळ घातलेला पिठाचा कोरडा भुगा. नियम असा की ती तिथंच खायची, घरी न्यायची नाही. मुकादम समोर उभा राहून ओरडायचा, "हितंच खा, माज्यासमोर!" परक्या पुरुषांपुढं खायचं म्हणजे बायकांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पाठ फिरवून, पदराआड त्या घास गिळायच्या. ते पाहून माझं डोकंच फिरलं. दावणीच्या जनावराला वैरण टाकावी तसं हे! प्रबंध लिहायचा तर यावरच, असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

आईचा राग वेगळा होता. आमच्याकडे सून सगळ्यांच्या मागून जेवायची, पातेल्यात उरेल ते तिचं. त्या वर्षी पातेल्यात काही उरत नव्हतं. तरी घरची पोरं अर्धपोटी असताना सुनेनं एकटीनं गोड खावं, हे आईच्या मनाला पटेना. एके दुपारी ती माझ्यासोबत थेट कामावर आली.

"मुकादम," आई म्हणाली, "आमच्या सुनंची सुकडी घरी न्यू द्या. म्हातारं हाय, बारकी पोरं हायती. समद्यांच्या तोंडात घास घास जाईल."

मला तर आयतंच व्यासपीठ मिळालं. आपला घास कुठं आणि कुणाबरोबर खायचा हे माणसानं स्वतः ठरवावं, सरकारनं नव्हे, वगैरे मी तावातावानं सुनावलं. मुकादमानं शांतपणे तंबाखू थुंकली.

"ताई, वरनं हुकूम हाय, मी तरी काय करू?" मग आईच्या पांढऱ्या केसांकडे बघून तो विरघळला. "बरं, न्या म्हातारे. मी बघितलंच न्हाई."

आईनं हात पुढं केला. वहिनी सुकडीची वाटी पोटाशी धरून बसली होती. तिनं पदर आणखी पुढं ओढला.

"न्हाई, आत्या. मी हितंच खाईन."

लग्न होऊन आल्यापासून तिनं सासूला 'नाही' म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. ती पुढं म्हणाली, "घरी नेली तर माज्या वाटनीला यायची न्हाई. मी मागत बी न्हाई, पोरं हायती. पर ह्ये पोटातलं लई वळवळतंय हो. मागल्या टायमाला शेवटी शेवटी हललंच न्हाई."

ज्या नियमावर मी तुटून पडले होते, त्याच्यामुळंच दिवसातून एकदा तरी वहिनीच्या पोटात घास जात होता. तिला शेवटी बसवणाऱ्या सत्तेला मुकादम लागत नव्हता. तिथं आम्हीच होतो, रोज तिच्याआधी जेवून उठणारे. मला रडू आलं.

आईनं पुढं केलेला हात मागं घेतला. आता ही चारचौघांत तोंड सोडणार, म्हणून मी धसकले. पण तिनं बाजूच्या घागरीतून तांब्याभर पाणी घेतलं आणि पुरुषांकडे पाठ करून, वहिनीला आडोसा होईल अशी ती धुळीत बसली. तांब्या तिच्यापुढं ठेवला.

"खा, बाई," आई म्हणाली. "हितंच खा. माज्यासमोर."