केगमधला कांद्याचा वास

त्या वर्षी माझं सगळं नशीब एका केगमध्ये अडकलं होतं. स्टीलची जुनी केग, म्हणजे घट्ट झाकणाचं उभं पिंप, कुणीतरी शीतपेयासाठी वापरून विकलेलं. वाल्डॉर्फमधल्या आमच्या भाड्याच्या घराखालच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, सायकली आणि हिवाळी टायरांच्या शेजारी ती उभी असायची आणि तिच्यातली बिअर बिघडायची. दर वेळी.

बिअर मी करायचे. नवरा सॉफ्टवेअरवाला, त्याच्या नोकरीमागे मी जर्मनीत आले होते. पुण्यात मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करून मी एका लॅबमध्ये यीस्टवर काम केलं होतं. इथे अर्ज पाठवायचा आणि नकाराची वाट बघायची, एवढंच काम उरलं. प्रत्येक नकाराच्या शेवटी पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा असायच्या. त्या शुभेच्छा वाचून माझं टाळकं सटकायचं. घरात बसून वेड लागायची पाळी आली तेव्हा मी बिअर करायला घेतली. काम तेच, फक्त पगार नाही.

शेजारच्या गावात एक छोटी ब्रुअरी होती. तिच्या मालकांना सगळे मास्टर म्हणत. एकदा मनाचा हिय्या करून मी त्यांना माझ्या बिअरच्या दोन बाटल्या नेऊन दिल्या. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. म्हणाले, "मला लॅबसाठी माणूस हवंय. ईस्टरच्या आधी तुमची एक केग घेऊन या. माझ्या लोकांना पाजू, मग कामाचं बोलू." फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. आनंदाने रडण्याची ती त्या देशातली पहिलीच वेळ.

आणि इथेच माशी शिंकली. बाटलीत भरलेली बिअर उत्तम असायची. तीच बिअर केगमध्ये भरली की पंधरवड्यात तिला कसला तरी वास यायला लागे. गंधकासारखा, शिजलेल्या कांद्याच्या जवळ जाणारा, पण नीट पकडीत न येणारा. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, "मला तर मस्त लागतेय. तू उगाच जिवाला लावून घेतेस." बाटली चांगली आणि केग वाईट, म्हणजे दोष केगमध्ये, हे शेंबडं पोरही सांगेल. मी केग सोड्याच्या गरम पाण्याने धुतली. बिअरची नळी बदलली, तोटी खोलून ब्रशने घासली, गॅसचा सिलिंडरसुद्धा बदलून आणला. रबर वास धरून ठेवतं हे मला पाठ होतं, म्हणून झाकणाचे आणि नळ्यांचे वॉशर दर वेळी काढून फेकायचे आणि नवे घालायचे. नव्या वॉशरचं मोठं पाकीट मागवलं होतं. त्यांना धूळ लागू नये म्हणून ते स्वयंपाकघरात एका घट्ट झाकणाच्या डबीत ठेवले होते. मी जितकी काळजी घेत होते तितका वास वाढत होता. शेवटी मी स्वतःवरच शंका घ्यायला लागले. इतक्या वर्षांत हात बिघडला असेल, असं वाटायचं.

ईस्टर तोंडावर आला तेव्हा जशी जमली तशी केग गाडीत घालून आम्ही नेली. मास्टरांनी ग्लास भरला, उजेडात धरला, नाकाशी नेला. एक घोट घेऊन तोंडात घोळवला. "इंटरेसांट," ते म्हणाले. जर्मन माणूस खाण्यापिण्याला इंटरेसांट म्हणाला की समजायचं, कारभार आटोपला. मग अगदी सौम्यपणे ते म्हणाले, "थोडा कांदा येतोय. यीस्टची स्वच्छता बघा." माझ्या यीस्टची स्वच्छता. मी मान हलवली. आभारही मानले. परतताना नवरा म्हणाला, "दुसरीकडे बघू ना." मला त्याला गाडीतून उतरवावंसं वाटलं.

मग मी यीस्टचा नाद सोडला. किंडरगार्टनमध्ये मदतनीस लागतात असं कळलं, त्याच्या कोर्सला नाव घातलं. कोर्स दुसऱ्या गावी होता. तिथल्या होस्टेलवर पंधरा दिवस ब्रेड, चीज आणि उकडलेले बटाटे खाल्ले.

परत आले आणि घराचं दार उघडलं, तर आतून वास आला. नवऱ्याने वरणाला फोडणी दिली होती. दाराशी टांगलेल्या माझ्या कोटाला तो वास, पडद्यांना तो वास, आणि तो ओळखायला मला क्षणही लागला नाही. बॅग तिथेच टाकून मी स्वयंपाकघरात गेले आणि वॉशरची डबी उघडली. हिंगाची रिकामी डबी. पुण्याहून आणलेली, संपल्यावर घासूनपुसून ठेवलेली, कारण चांगली डबी आपण टाकत नाही. रबराने हिंग पिऊन घेतला होता आणि मी ते वॉशर निवडून निवडून केगला घालत होते. त्या घरात राहून मला हिंगाचा वास येणं केव्हाच बंद झालं होतं. ज्या नाकावर मी नोकरी मागत होते, ते नाक हे.

मी मास्टरांना फोन केला. ते खूप हसले, खुशीने हसले. ही गोष्ट आपल्या मंडळींना सांगणार म्हणाले. लॅबमध्ये त्यांनी एक मुलगा घेतला होता, आठवड्यापूर्वीच.

तरीही मी एक केग केली. का केली, माझं मलाच माहीत नाही. नवे वॉशर मागवले, काचेच्या बरणीत ठेवले. तीन आठवड्यांनी ग्लास भरला आणि तो घेऊन केलरच्या पायऱ्या चढून आमच्या इमारतीच्या दाराबाहेर, मोकळ्या हवेत गेले, नाकावर भरवसा नव्हता म्हणून. बिअर स्वच्छ होती. धान्याचा गोडवा, मागून थोडा कडवटपणा, दुसरं काही नाही. त्या बिअरवर मला नोकरी मिळाली असती.

दुसरा ग्लास मी नवऱ्याला दिला. त्याने सावकाश घोट घेतला, परत एक घेतला.

"चांगली आहे गं," तो म्हणाला. "पण खरं सांगू? मला आधीची जास्त आवडायची."

मला हसू आलं नाही, रागही आला नाही. केग भरलेली होती आणि ती प्यायला आम्ही दोघंच होतो. मी त्याचा ग्लास पुन्हा भरला. सोमवारपासून मला किंडरगार्टनला जायचं होतं.