न फुटलेला लसूण

काकूच्या पॉलिहाऊसमध्ये तीन वाफ्यांत तीन जातींचा लसूण होता. काल तो काढला. गावठी बारीक पण भरलेला, दुसरा पांढरा, टपोरा. तिसरा काकूने थंड डोंगराळ मुलखातून हौसेने आणलेला. तो उपटला तर सुपारीएवढा नुसता गोळा निघाला, आत वेगळी पाकळी नाहीच.

"फुटलाच नाही गं," काकू म्हणाली. त्याला गारठा लागतो, आणि प्लास्टिकखाली ऊब फार झाली होती.

काका दारातूनच म्हणाले, "घाल चटणीत. पुढच्या खेपेला तिथे ढोबळी मिरची लावतो."

काकूचा चेहरा उतरला. तरी माझ्याकडे बघून म्हणाली, "अगदी आमच्या बाईसाहेबांसारखा. तोंडातून शब्द फुटेल तर शपथ!"

मी हसले. माझी शाळा इंग्रजी; पाकळी लसणालाही असते, हे मला फार उशिरा कळलं. फुटणं मात्र आधीपासून माहीत होतं. कोंब फुटतो, पान्हा फुटतो, आणि काचही फुटते. उघडण्याला आणि मोडण्याला मराठीत एकच शब्द पुरतो. त्यामुळे मिटून राहणाऱ्यांचं मला फारसं नवल वाटत नाही.

काका गोळे पाटीत भरू लागले. मी एक सोलून पाहिला. वास पुरेपूर लसणाचा होता.

"बियाण्याला ठेवू या ना," मी म्हणाले. "हिवाळ्यात बाहेर लावू, उघड्यावर."

काकूने पाटी स्वतःकडे ओढली.

"अहो, ऐकलंत का? फुटला!"