चोरीच्या तेलाचा दिवा

बंदूक माझ्यावर रोखली गेली तेव्हा माझ्या एका हातात तेलाचा बुधला होता अन् दुसऱ्या हातात गावभरच्या किल्ल्यांचा जुडगा. आता हा बाबा हात वर कर म्हणाला तर खाली काय ठेवू, तेल का किल्ल्या, हाच विचार आधी मनात आला. ऐन वेळी माणसाचं डोकं असं येड्यासारखं चालतं बघा. तेव्हा मी पंधरा-सोळाचा असेन.

आम्ही गुरव. सेनगावच्या वरच्या अंगाला, पैनगंगेच्या अलीकडं आमचं लहानसं गाव. नदी उतरली की वऱ्हाड, तिकडं स्वराज्य आलेलं. आमच्याकडं अजून निजामाचंच राज्य, अन् तेही शेवटचे आचके देत असलेलं. लोकांनी अशी धास्ती घेतली होती की सकाळी उठावं तर रोज एखाद्या नव्या दाराला कुलूप दिसायचं. आमची घरं नदी उतरून वाशिमकडच्या सोयऱ्यांकडं गेली. पिंजाऱ्याचं एकच मुसलमान घर, पिढ्यान्‌पिढ्या गावातलं, तेही उलट्या वाटेनं हिंगोलीला भावाकडं गेलं. कोण कुणाला भिऊन पळत होतं ते मला त्या वयात कळलं न्हाई. खरं सांगू, अजूनही पुरतं कळलेलं न्हाई.

जाताना जो तो आपली किल्ली माझ्या बापाच्या हाती द्यायचा. आमच्याकडं सांजेला घर अंधारात राहिलं की लोक म्हणतात, या घराचं कुणी उरलं न्हाई. म्हणून रिकामं का असेना, तिन्हीसांजेला दिवा लागला पाहिजे: एक आत देवापुढं, एक दाराशेजारच्या देवळीत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात. देवळातला दिवा गुरवाचाच, मग घरचेही गुरवानंच लावावेत, असं साऱ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. त्याबद्दल दर घरची पायलीभर ज्वारी आधीच मिळाली, अन् ज्याचं त्याचं करडईचं तेल, ज्याच्या त्याच्या बुधल्यात, देवळात आणून ठेवलेलं. पिंजारी चाचा निघताना मला म्हणाला, "आमच्याबी कोनाड्यात लाव रे लेका. आमचा काय, तुमचा काय, दिवा कुनाचा बी चालतो घराला."

शेवटी बापही निघाला. माझ्या आईचे दिवस भरत आले होते, बहिणी लहान. त्यांना पलीकडं मावशीकडं पोचवणं भागच होतं. महादेवाचा दिवा बंद पडून चालत न्हाई, म्हणून मी मागं. "आठ दिसात येतो," बाप म्हणाला. किल्ल्या माझ्या हातात देऊन त्यानं दटावलं, "ज्याचं तेल त्याच्याच पणतीत. थेंब इकडचा तिकडं करायचा न्हाई. लोकायचं तेल हाय." माझा बाप या बाबतीत मोठा करडा माणूस. देवळातली खोबऱ्याची वाटीसुद्धा विचारल्याबिगर त्यानं कधी तोंडात टाकली न्हाई.

आठ दिवस झाले, पंधरा झाले, चैत्र संपला. बाप येईना.

एकटं राहणं म्हणजे काय ते मला तोवर ठाऊक न्हवतं. घरात पाय ठेवायला जागा न्हाई अशा गोतावळ्यात वाढलेलं पोरगं मी. पहिले चार दिवस मजा वाटली, कुणी उठ म्हणत न्हाई, कुणी आंघोळीला पिटाळत न्हाई. मग गावातली कुत्रीसुद्धा निघून गेली. भाकरी एका अंगाला करपायची, दुसऱ्या अंगाला कच्ची राहायची, अन् तिला नावं ठेवायलाही कुणी न्हवतं. रांधणं, झोपणं सारं देवळातच. नंदीशी बोलायचो. एकदा तर त्याच्याशी भांडलो, ऐकून घेतो अन् हूं की चूं करत न्हाई म्हणून. दिवेलागणीला मात्र काम असायचं. कुलूप काढायचं, "आलो बरं का," असं मोठ्यानं म्हणायचं अन् आत जायचं. प्रत्येक घराचा वास निराळा. पाटलाच्या घरात तुपाचा, सुताराकडं भुश्शाचा, चाचाकडं जुन्या कापसाचा. माणसं गेली तरी वास ऱ्हायले होते. कुणाकुणाच्या घरी मी उगीच जास्त वेळ बसायचो.

आमच्या घरात मात्र जायचो न्हाई. घरचं होतं तेवढं तेल बापानं निघतानाच महादेवासाठी देवळात ठेवलं होतं. लोकांच्या तेलाला हात लावायचा न्हाई. अन् दुसरंही कारण होतं. दुसऱ्याच्या रिकाम्या घरात जाता येतं, आपल्या न्हाई जाता येत. आईचं जातं तसंच, बहिणीच्या बाहुलीचं लुगडं खुंटीवर तसंच. मी एकदाच आत गेलो अन् रडत बाहेर पळालो. मग गावभर दिवे अन् गुरवाच्या घरी अंधार, असं चालू झालं.

वैशाखात एका दिवशी, ऊन कलायला लागलं होतं, मी सुताराच्या दारात कुलूप काढत होतो. मागून आवाज आला, "हालू नको रं."

वळून बघतो तर तिघं जण, तोंडाला फडकी बांधलेली, संगं एक तट्टू. मधल्याच्या हातात ठासणीची बंदूक, तिचं तोंड माझ्या छातीकडं. कुणाचे होते, कुठले होते, मला आजवर ठाऊक न्हाई. पुढं गावात ज्यानं त्यानं आपापल्या सोयीचं नाव घेतलं. मी फक्त एवढं सांगतो, बोली आमचीच होती.

"गावात मानसं कितीक हायत?" बंदूकवाल्यानं विचारलं.

"लई हायत."

"कुठंशी?"

"शेतात गेलीत. येतीलच आता."

त्यानं माझ्या हातातला बुधला बघितला. कमरेला खोचलेलं वातींचं पुडकं बघितलं. मग जुडगा. बंदुकीची नळी जराशी खाली आली.

"दोन सांजा झाल्या, त्या माळावर बसून बघून राहिलो आमी," तो म्हणाला. "घरोघर दिवे. म्हनलं, गाव भरलेलं हाय, जायचं काम न्हाई. अन् आज सकाळी बघतो तर धूर एकाच चुलीचा. हे सारे दिवे तूच लावून राहिला व्हय रं?"

"व्हय."

"एकटा?"

इतके दिवस हा शब्द कुणी मला विचारला न्हवता. मी मान हलवली. माणसाचा आवाज, त्यानं मला विचारलेलं काहीतरी! छातीवर बंदूक आहे अन् मला बरं वाटून राहिलं. हसा तुम्ही, पण असंच झालं.

त्यांचा म्होरक्या, तिघांतला वयानं थोराड, खोकत खोकत घरात शिरला. मग घरामागून घर. मी कुलूप काढायचो, म्होरक्या अन् तिसरा आत जाऊन हंडे-घागरी, परात, लुगडी बाहेर आणून तट्टूवर लादायचे. बंदूकवाला माझ्यापाशी. फडकं तोंडावरून सारखं घसरायचं त्याचं. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा असेल. त्यानं विचारलं, जेवला का. मी म्हणालो, करपली. तो हसला अन् कमरेच्या फडक्यातली अर्धी भाकर मला दिली. चोराची भाकर, पण दोन्ही अंगांनी शिजलेली. मी उभ्या उभ्या खाल्ली.

चाचाच्या घरात काही म्हणजे काही न्हवतं. भिंतीला नुसती पिंजण टांगलेली. म्होरक्यानं शिवी हासडली अन् बाहेर गेला. बंदूकवाल्यानं जाता जाता तिच्या ताणलेल्या तातीवर बोट मारलं. ती 'टणण्‌' करून वाजली. चाचा कापूस पिंजायला बसला की हा आवाज साऱ्या गल्लीत घुमायचा, आम्ही पोरं त्याची नक्कल करायचो. मी तिथं भिंतीला टेकून हुंदके देऊन रडलो. तो बिचारा घाबरला. "अरे, मी काय केलं तुला?" म्हणाला.

सगळ्यात शेवटी देवळाशेजारचं आमचं घर.

"हे कुनाचं?"

"आमचं."

"हितं दिवा काहून न्हाई? दोन सांजा बघून राहिलो, हेच एक घर आंधळं."

"तेल लोकायचं हाय."

तो एकदम हसला. मग हसायचा थांबला. बंदूक त्यानं काखेत धरली, देवळाच्या पायरीवरचा पाटलाचा बुधला घेतला, आमच्या देवळीतल्या पणतीतली धूळ फुंकली अन् तेल ओतलं. माझ्या कमरेची वात ओढली, काडी पेटवली. उजेड अजून चांगला होता, ज्योत धड दिसतही न्हवती.

"आता रोज लावायचा," तो म्हणाला.

"न्हाई लावला तर?"

"तर मी परत यीन!" त्यानं बंदूक हलवून दाखवली.

मला भिववायला म्हणून म्हणाला तो. त्याला काय माहीत, मला ते कसं ऐकू आलं ते.

आमच्या घरातून त्यांनी काही नेलं न्हाई. नेण्यासारखं न्हवतंच. किल्ल्या माझ्याकडंच टाकून ते निघाले. तट्टूवरची भांडी खडखडत ओढ्याकडं गेली. मी बघत उभा राहिलो. तो खडखडाट कमी कमी होत गेला अन् मी पळत सुटलो. त्यांच्या मागं! ओढ्याशी गाठलं.

"कुठं येऊन राहिला?" म्होरक्या ओरडला.

"तुमच्यासंगं."

म्होरक्यानं माझ्या आईचा उद्धार केला. बंदूकवाल्यानं मात्र बंदूक खांद्याला लावली अन् नेम धरला. पहिल्यांदा खरा नेम. "माघारी फिर," तो म्हणाला. "घरी दिवा लावून ठेवलाय तुझ्या. जा." मी फिरलो. गावात आलो तर साऱ्या घरांची दारं सताड उघडी, अन् दिवा फक्त आमच्या देवळीत. मी त्याच्याखाली बसलो. अंधार पडायला लागला तेव्हा उठून बाकीचे लावले.

त्यानंतर एक-दोन सांजा मी आमच्या घरी दिवा लावला, पाटलाच्याच तेलानं. चोरी म्हणा. मग एक दिवस असा आला की सकाळपासून दहादा ओढ्यापर्यंत जाऊन आलो. त्या सांजेला मी गावभरचे दिवे लावले अन् आमचा मुद्दाम लावला न्हाई. उंबऱ्यावर बसून माळाकडं डोळे लावले. म्हणाला होता ना, न्हाई लावला तर यीन. ये मग. बंदूक घेऊन ये, शिव्या दे, घागर ने, पण ये. मी बसून राहिलो, दिवे एकेक करून विझले. कुणीही आलं न्हाई. चोराचा शब्द तो, मीच येडा.

दुसऱ्या सांजेला मुकाट्यानं लावला. त्याच्या दुसऱ्या दिवशी पण लावला. अन् त्या दिवशी बाकीचे दिवे लावून परत आलो तर आमच्या दारात एक माणूस उभा. डोक्याचं मुंडासं सुटलेलं, भिंतीला हात टेकलेला. मी "कोन हाय?" म्हणायच्या आतच त्यानं मला धरलं. बाप होता. माझं तोंड, माझे हात, माझे कान चाचपून बघत होता, गाय वासराला बघते तसा.

"हाय रे तू, हाय," एवढंच म्हणत राहिला.

आईला मुलगा झाला होता, बाळंतपण जड गेलं होतं, म्हणून उशीर. एवढं सांगून तो उंबऱ्यावर बसला.

"दोनदा आलो रे मी. दिसा यायची सोय न्हवती, सांजेला टेकाडावर बसून बघितलं. साऱ्या घरी दिवे, अन् आपल्याच घरी अंधार. म्हनलं, गावात भलतीच मानसं राहायला आली. साऱ्यांची घरं बळकावली, अन् माझ्या लेकराला..." त्यानं मुंडाशाचं टोक डोळ्याला लावलं. "पाय उतरनात. तसाच माघारी गेलो. आज तुझी माय म्हनली, मेला असंल तर निदान माती तरी द्या. म्हनून आलो, तर देवळीत दिवा."

"दोनदा कधी कधी आला होता?" मी विचारलं.

"एकदा वैशाख लागता लागता. अन् परवा."

परवा. मी दिवा न लावता ज्याची वाट बघत बसलो होतो तो आला न्हाई, अन् ज्याची बघायची तो समोरच्या टेकाडावर बसून माझ्या नावानं रडून माघारी गेला. बंदूकवाल्याचं, भाकरीचं, ओढ्यापर्यंत पळाल्याचं, काहीच सांगितलं न्हाई. भांडी गेली, तेवढं सांगितलं.

बापाची नजर पणतीवर गेली. आपल्या घरात तेल न्हवतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"तेल कुठलं?"

"पाटलाचं," मी म्हणालो, अन् मान खाली घातली. आता कानाखाली बसणार याची खात्रीच होती.

वात तडतडायला लागली होती, तेल सरत आलं होतं. बाप उठला, पाटलाचा बुधला उचलला अन् आमच्या पणतीत काठोकाठ तेल ओतलं.