पल्याडचे रणगाडे

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली आणि मी मेंढरांमागे गेले. त्यानंतर कितीतरी वर्षं सहीपलीकडे काही लिहिलं नाही. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. बाराव्या वहीची मागची पानं कोरी आहेत, आणि ज्यांच्याशी मी बोलायचे ते आता नाहीत, म्हणून लिहिते.

आमचा एक देश होता. तो मी एका दुपारी बारामतीत विकून टाकला.

देशाचं नाव पल्याड. हे नाव ह्यांनी ठेवलं. हे म्हणजे माझे मालक. वालचंदनगरला कारखान्यात ते गिअर कापायचे, माणसाच्या उंचीचे, साखर कारखान्यांना लागतात तसले. त्याआधी, विसाव्या वर्षी, ते फौजेच्या भरतीला गेले होते. रणगाडे दुरुस्त करतात त्या वर्कशॉपात त्यांना जायचं होतं. छाती फुगवूनही एक सेंटीमीटर कमी भरली. परत आले, कारखान्यात लागले आणि वहीत स्वतःची फौज काढायला बसले. "पल्याडला छाती मोजत न्हाईत," असं म्हणायचे.

लग्न झाल्यावर कितीतरी दिवस मला वाटायचं, हे कारखान्याचंच काम घरी आणतात. क्वार्टरच्या पुढच्या खोलीत पट्टी, कंपास, टोक केलेली पेन्सिल घेऊन बसायचे. मी चहा ठेवून निघून जायचे. मी कमी बोलते, तेही कमी बोलायचे. आम्हाला मूल झालं नाही. घरात आवाज असा नव्हताच.

मग त्यांचा हात कापायला लागला. केसाच्या जाडीइतका फरक बोटाला कळणारा माणूस, त्याच्या हातात बशी वाजायला लागली. कारखान्यानं बसून करायचं काम दिलं, पण घरी रेघ ओढता येईना. एक दिवस त्यांनी पेन्सिल माझ्यापुढं सरकवली.

"तू ओढ. मी सांगतो."

"मला कुठं येतंय?"

"पट्टी धरता येती ना? मग झालं."

मी ओढली. त्यांनी वही डोळ्याजवळ नेऊन बघितली. "अक्षर कोंबडीच्या पायाचं हाय तुझं," म्हणाले, "पण रेघ लेथवरची हाय." माझं असं कौतुक कोणी केलं नव्हतं. मी आत जाऊन भांडी घासली, स्वच्छ होती तरी.

पल्याडच्या फौजेत तेव्हा तीन रणगाडे होते, पहिला, दुसरा आणि तिसरा. मी तिसऱ्यापासून हाताशी आले. देशात एक नदी होती, एक कॅनॉल आणि बाकी सगळी काळी जमीन. मी विचारलं होतं, शत्रू कोण. ते म्हणाले, "अजून ठरलं न्हाय. ठरायच्या आत गाडी तयार पायजे."

तिसरा रणगाडा मी पूर्ण काढला आणि बराच वेळ बघत राहिले. मग मी म्हणाले, "अहो, ही रुतंल."

"कशानं रुतंल? चाकं न्हाईत, पट्टा हाय तिला."

"पट्टा अरुंद हाय. मृगानंतर आमच्या रानात बिऱ्हाड लादलेलं घोडं पोटापातुर रुतायचं. मेंढरं वरनं निघून जायची."

"मेंढरू हलकं असतं गं."

"मग हिला हलकी करा, न्हायतर पाय रुंद करा."

ते जन्मभर सिमेंटच्या फरशीवर काम केलेले. संध्याकाळपर्यंत भागाकार सांगत होते, मी कागदावर मांडून देत होते. गाडीचं सगळं वजन, भागिले जमिनीला टेकणारा पट्टा. शेवटी म्हणाले, "रुततीच." आणि हसले. पट्टा जवळजवळ दुप्पट रुंद केला. वहीत त्या पानावर त्यांनी कापऱ्या हातानं एवढंच लिहिलं, 'सुधारणा हिची.' अक्षर माझ्याहून वाईट आलं होतं.

त्यानंतर मी पुष्कळ गोष्टी विचारल्या. त्यांनी गिअरबॉक्स इतका दणकट केला होता की चालवणाऱ्याला गुडघे कुठं ठेवायचे ते कळत नव्हतं. मी विचारलं, चार माणसं आत आहेत, ती पाणी कुठं ठेवतात? भाकरी? ते म्हणाले, लढाईत कोण भाकरी खातं. मी म्हणाले, लढाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालली तर? मग उजव्या भिंतीला डब्याएवढा कप्पा झाला. चौथ्या रणगाड्याला चालवणाऱ्याची जागा मोठी झाली. पाचव्याचं वरचं फिरतं डोकं बुटकं केलं, कारण उसातून पुढं जाताना ते उसाच्या वर दिसायला नको. सहाव्याला तळाशी एक दार करायचं होतं. गाडी पेटली तर माणसं खालून निघावीत म्हणून. त्याची बिजागरी पुढं की मागं, यावर आमचं भांडण झालं. आमचं तेवढं एकच मोठं भांडण.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सुटलं. इंदापूरच्या पुढं बावड्याला दोन खोल्या घेतल्या. आजार वाढत गेला तसे ते मागे मागे गेले. मिलिमीटर विसरले आणि शिकाऊ असताना उस्तादानं शिकवलेलं माप बोलायला लागले, सूत. एका इंचात आठ सूत. "कागदावर पट्टा सात सूत धर," म्हणायचे. मी सात लिहायचे. आकड्यापुढं 'सूत' लिहायचं मला सुचलं नाही. आम्हा दोघांना माहीत होतं, मग लिहायचं कशाला? वहीत वरच्या धडाची जुनी मापं मिलिमीटरची. खालच्या पट्ट्याची नवी मापं सुताची. नुसते आकडे.

ते गेल्यावर नातेवाईक तेरा दिवस राहिले आणि आपापल्या गावी गेले. त्यानंतर दिवसातून एकदा दूधवाल्याशी बोलणं व्हायचं, तेही "अर्धा लिटर" एवढंच. मी वही काढून बसायचे. बिजागरी मागं काढून बघितली. मग पुढं काढून बघितली. दोन्ही बरोबर दिसायच्या. चूक आहे म्हणणारं कोणी नसलं की बरोबर आहे हेही कळत नाही. मी खोडत राहिले, कागद विरायला लागला.

म्हणून बारामतीला झेरॉक्सच्या दुकानात गेले, सगळ्या वह्यांच्या प्रती काढायला. रांगेत मागे एक बाई होती, तिशीतली, चष्म्याची. माझ्या खांद्यावरून बघत होती.

"हे कुणी काढलंय, काकू?"

"मालकांनी." मग म्हणाले, "आणि मी."

तिचा खेळ बनवायचा धंदा होता. मोठ्या टेबलावर खेळायचा, खोट्या देशांच्या फौजांचा, बोटाएवढ्या गाड्या घेऊन. मोठी माणसं असले खेळ खेळतात हे मला तेव्हा कळलं. ती मला तिच्या ऑफिसात घेऊन गेली, पोहे मागवले, वह्या बघत दोन तास बसली. मधेच म्हणाली, "यात भाकरीचा कप्पा आहे!" इतक्या दिवसांनी कोणीतरी त्या पानावर हसलं. मी तिथंच विरघळले. तिनं कागद केला. बारा वह्या तिच्याकडे, पैसे माझ्याकडे, आणि पटलं नाही तर पैसे परत करून वह्या परत न्यायच्या. शेवटची ओळ तिनंच घातली. बाई वाईट नव्हती.

घराचा पत्रा गळत होता. मी पत्रा बदलला. पैसे संपले.

चार महिन्यांनी तिचा फोन आला, गाडी बघायला या. टेबलावर पाचवा रणगाडा ठेवला होता, प्लॅस्टिकचा, मातकट रंगाचा. डोकं बरोबर, तोफ बरोबर. मी खाली बघितलं. पट्टे चाकूच्या पात्यासारखे. म्हशीला शेळीचे पाय लावावेत तशी गाडी उभी होती.

माझ्या लगेच लक्षात आलं. सात सुताचे तिनं सात मिलिमीटर केले होते. सूत म्हणजे तीन मिलिमीटरच्या वर. चूक माझी होती. मी घाबरत घाबरत सांगितलं.

ती कपाळाला हात लावून हसली. "काकू, अहो, एक शब्द लिहायचा ना!" मग गाडी फिरवून बघितली. "पण खरं सांगू? अशीच छान दिसते. चपळ. रुंद केली तर बसलेल्या म्हशीगत दिसेल. राहू द्या अशीच."

"रुतंल ती."

"कुठं रुतेल? टेबलावर?"

"पल्याडला काळी जमीन हाय."

"हां, ते नावही बदलतोय आम्ही. बाहेरच्या लोकांना म्हणता येत नाही."

मी गाडी उचलून बघितली. कप्प्याची जागा सपाट होती. ती म्हणाली, एवढं बारीक साच्यात येत नाही. मला बोलायची सवय नाही. तरी बोलले, "पहिल्याच रानात बसंल ही. आतली माणसं मरतील."

तिनं चष्मा काढला. हळू आवाजात म्हणाली, "काकू, आत माणसं नाहीत."

मी गाडी खाली ठेवली आणि एसटी धरली. इंदापूरपर्यंत माझ्या मनात एकच गोष्ट होती. आत चौघं होते. ते चौघं कोण, हे आम्ही कधी बोललो नव्हतो, त्यांना नावं दिली नव्हती. पण एकाला सारखी भूक लागायची आणि चालवणाऱ्याचे गुडघे दुखायचे, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. आता ते माहीत असलेली मी एकटीच होते. आणि मी त्यांना पत्र्यासाठी चाकूच्या पात्यावर बसवून चिखलात सोडलं होतं.

आठवड्यानं परत गेले आणि म्हणाले, मला वह्या पाहिजेत. ती समजावत राहिली. मी मान खाली घालून बसले, पण उठले नाही. शेवटी म्हणाली, "बरं. पैसे येतील तसे द्या. तोवर मी गाडी बाजारात आणत नाही. पण कायमची थांबणार नाही हं काकू." मी म्हणाले, एवढं पुरे.

इंदापूरच्या बाजूला डाळिंबाच्या शेडवर कामाला लागले. डाळिंबं आकारानं वेगळी करायची, खोक्यात भरायची. माझा डोळा मापाला बसलेला. बाकीच्या बाया तोलून बघायच्या, मी नुसती बघून टाकायचे.

"ही बघा, डाळिंबाला पट्टी लावती!" एक म्हणायची.

"अगं, बोलत न्हाय ती. डाळिंबानं विचारलं तर सांगंल," दुसरी म्हणायची.

एकदा जेवताना त्या पहिलीनंच विचारलं, "कुणाचे पैसे फेडती गं एवढे?"

रणगाड्यांचे, असं कसं सांगणार. "मालकांच्या वह्या अडकल्यात," म्हणाले.

"वह्या? सोनं न्हाय व्हय? वह्यांसाठी मरती व्हय ही!" सगळ्या हसल्या. मीही थोडी हसले. पण त्यानंतर ती मोठी डाळिंबं माझ्याकडं सरकवायला लागली, त्या खोक्याला मजुरी जास्त होती. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बारामती. पैसे टेबलावर ठेवायचे, कागदावर आकडा लिहायचा, पाणी प्यायचं, निघायचं. ती गाडी तिच्या खिडकीत असायची. दरवेळी मी पट्ट्यांकडं बघायचे. जाऊन येऊन सगळा दिवस जायचा, आणि महिन्यात कोणी माझी वाट बघायचं ते त्या एकाच दिवशी. शेवटचा सोमवार जवळ आला तसं मला हे टोचायला लागलं. फिटल्यावर कुठं जायचं?

त्या सोमवारी ती म्हणाली, "काकू, उरलेले राहू द्या. वह्या घेऊन जा. पावणेदोन वर्षं येताय, मलाच लाज वाटते."

"न्हाय. मग थोडा देश तुमच्याकडं राहील."

ती उठली. कपाटातून वह्या काढल्या, कापडात बांधलेल्या. मी एकेक मोजली. बाराव्या वहीचं शेवटचं चित्र तिनं उघडलं.

"हे अर्धंच आहे. हे दार."

"व्हय. बिजागरी राहिली."

"मागं लावा ना," ती म्हणाली, बोट ठेवून. "पुढं लावली तर दार उघडलं की बाहेर पडणाऱ्याच्या डोक्यात येईल."

मी वाकून बघितलं. ह्यांचंही तेच म्हणणं होतं. "मागं लावली," मी म्हणाले, "तर गाडी थांबता थांबता ते जमिनीत घुसंल."

"असं होय," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी त्या अर्ध्या दाराकडं बघत बसलो. मग मी पदराची गाठ सोडून उरलेले पैसे टेबलावर ठेवले. तिनं ते मोजले, कागदाच्या तळाशी 'सर्व पैसे पोचले' असं लिहिलं, आणि पेन माझ्याकडं सरकवलं. मी सही केली.