द्वारकाबाईचा स्लॅब

घरपट्टीची नवी आकारणी झाली आणि जालन्याच्या मस्तगडातल्या रखमाजीची पट्टी चांगलीच वाढून आली. रखमाजी मोंढ्यात मापाडी होता. दिवसभर गावाचं धान्य तोलायचा, पण स्वतःच्या घरात त्याला कुणी विचारून काही करत नसे. घर चालवायची ती त्याची बायको, माहेरची धावड्याची द्वारकाबाई. म्हणून असेल, या वेळी त्यानं तिला न विचारता हरकत घ्यायचं ठरवलं.

शेजारचे श्रीपतराव कोर्टातले निवृत्त कारकून. आळीचे अर्ज तेच लिहीत. त्यांनी आधीच बजावलं, "हरकत घेतली की पालिकेचे लोक पाहायला येतात, रखमाजी. तुझी मागची खोली त्यांच्या दप्तरी अजून पत्र्याची आहे. वरचा स्लॅब दिसला तर पट्टी कमी व्हायची सोडून वाढेल."

"कोन वर चढून बघून राह्यलंय?" रखमाजी म्हणाला. "तुमी लिवा. मागची खोली कच्ची हाय, पावसात गळती, राह्यच्या लायक न्हाई."

आता ही खोली म्हणजे द्वारकाबाईचा जीव. बाई बांधकामावर पाट्या वाहायची. लोकांची घरं उभी करता करता आपलीही एक खोली पक्की असावी, हे तिनं डोक्यात घेतलं. संध्याकाळी येताना मुकादमाला विचारून उरल्यासुरल्या विटा पाटीत घालून आणायच्या, असं वर्षानुवर्षं चाललं. स्लॅब पडला तो ऐन उन्हाळ्यात, आणि जालन्यात नळ येणार आठवड्यानं. बाईनं स्वतःची आंघोळ चुकवली, पण स्लॅबला पाणी मारायचं चुकवलं नाही. ती घागर घेऊन चढायची आणि रखमाजी खाली शिडी धरून उभा राहायचा. एवढं एकच काम तिनं त्याच्यावर सोपवलं होतं.

पाहणीला मार्तंडराव नावाचे साहेब आले. साहेब घरी आले म्हणून द्वारकाबाईनं खुर्ची पुसून दिली, दूध जास्त घालून चहा केला. चहा घेता घेता साहेबांनी अर्ज मोठ्यानं वाचला. "मागची खोली कच्ची असून पावसाळ्यात गळते, राहण्यास लायक नाही."

द्वारकाबाईनं रखमाजीकडं एकदाच पाहिलं.

"साहेब, आत जाऊन उभं ऱ्हावा," ती म्हणाली. "आन् टोपी काढून ठिवा."

तिनं कोपऱ्यातली भरलेली घागर उचलली आणि शिडी चढली. मग दुसरी नेली, मग तिसरी. नळाला अजून अवकाश होता आणि घरातलं सगळं पाणी एवढंच होतं. वर पाण्याचा सपका बसला आणि पन्हाळीतून धार गल्लीत पडू लागली. आत साहेब आणि रखमाजी माना वर करून उभे. एक थेंब पडला असता तर अर्ज खरा ठरला असता, पट्टी वाचली असती. पण रखमाजीच्या लक्षात आलं, आपण मघापासून थेंब पडू नये म्हणून देवाला हात जोडून राहिलो आहोत.

छत कोरडंठाक होतं.

मार्तंडराव भला माणूस. हळूच म्हणाले, "अर्ज मागं घ्या. मी काही पाहिलं नाही म्हणतो. आहे ती पट्टी राहील."

द्वारकाबाई रिकामी घागर घेऊन दारात आली होती. पदर भिजलेला. "मंग माझी खोली काय म्हनून ऱ्हायची कागदात?" तिनं विचारलं.

"जुनीच नोंद. पत्र्याची."

तिचा उतरलेला चेहरा रखमाजीला बघवेना. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोवर त्याची एवढी माया आहे हे त्याला त्या क्षणी कळलं.

"न्हाई साहेब," तो म्हणाला. "बराबर लिवा. पक्की, स्लॅबची. हिनं बांधलीय."

पट्टी वाढली ती वाढलीच. संध्याकाळी रखमाजी तिन्ही घागरी घेऊन हापशाच्या रांगेत उभा राहिला. बायकांच्या रांगेत एकटाच बाप्या. श्रीपतराव तिकडून चालले होते, ते थांबले.

"काय रखमाजी, हरकत अंगलट आली म्हणे?"

"आली की," रखमाजी म्हणाला. "पर थेंब न्हाई पडला."